दादाची गादी आन् हवालदाराचे तळपाय

माह्या भावाले, प्रभाकररावाले, आर्वीत कापडवाला म्हणून जेवढे लोक ओळखतात त्याहून जास्ती गादीवाला म्हणून ओळखतात. गाद्या तो इकत नाई, हे आधीच सांगून ठेवते, नाईतर कोणी भाव इचाराले जाईन आन् शिव्या खाऊन येईन. गादी म्हणजे दुकानात तो बसते ते. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनातली रुई सोता निवडून आणून भरलेली, वरतं पांढरी शुभ्र चादर. ते लक्ष्मीचं आसन. तिच्यावर मालकानंच बसाचं, दुसऱ्यानं टेकाचंसुद्धा नाई. नवं नवं लग्न झालं होतं तवा माहा नवरा चुकून तिच्यावर बसला, तर दादानं नव्या जावयाले हाताले धरून उठवलं. आता आमाले नातवंडं झाली, पण हा माणूस त्या दुकानात अजूनही उभाच राह्यते. बस म्हटलं तरी बसत नाई.

दुकानाच्या मांगंच घर. वहिनी गेल्यावर दादाले त्या घरात फरशी पुसाची सणक लागली. आधी शहाबादी होती, ते काढून चकचकीत टाईल बसवली आन् सकाळ-संध्याकाळ फिनाईलच्या पाण्यानं सोता पुसू लागला. चिंधू दूधवाला एकदाच अंदर आलता, तो दुधासगट घसरत देवघरापर्यंत गेला. तवापासून दारातूनच भांडं पुढं करते. मी म्हटलं, "दादा, काऊन एवढं घासून राह्यला? कोणाले मुंडकं पाह्याचं आहे त्यात?" तर म्हणे, "तू तुह्या घरी जाय."

मी त्याची लहान बहीण, नलू. दोन घरं सोडून राह्यते, म्हणून जाऊ जाऊ म्हटलं तरी जाऊन जाऊन जाणार कुठं!

दादाची एकुलती लेक प्रेरणा पुण्यात कंपनीत आहे. मधात घरूनच काम होतं तवा तिनं एक ससा आणला. मंग ऑफिसात बोलावलं, आन् जिथं ती भाड्यानं राह्यते तिथं जनावर चालत नाई. आली आन् ससा बापाच्या हातात देऊन गेली. दादानं काय तमाशा केला बाप्पा! "हा काय उंदराचा मोठा भाऊ माह्या घरात? मी काय सर्कस उघडली?" चार रोज त्याच्याशी बोलला नाई. पाचव्या रोजी मी गेली तर दादा त्याले सोयाबीनचे भाव सांगून राह्यला होता, आन् तो खाकी रंगाचा ससा कान उभे करून आयकत होता. दर घंट्याले साऱ्या खोल्यांतून गस्त घाले, म्हणून दादानं नाव ठेवलं हवालदार.

आता आमच्याकडं पाहुण्याले खाऊ घालाचं म्हणजे त्याले उठता येऊ नये असं घालतात. दादानं तसंच केलं. सकाळी पोहे, दुपारी पोळीवर गूळ, चारले बिस्कीट, संध्याकाळी शेंगदाणे. "अबे खाय, अजून एक खाय, लाजू नोको!" असा आग्रह मी माह्या लग्नातही पाह्यला नाई. हवालदार फुगत गेला. गस्त कमी झाली. मंग जागच्या जागीच बसून राह्ये, ओल्या चकचकीत फरशीवर, आन् घडीघडी मांगचा एक एक पाय उचलून धरे.

"नले, हा काऊन असा करून राह्यला?" दादानं इचारलं. आमी त्याले उचलून उलटा केला. आई गं! मांगच्या दोन्ही तळपायाचे केस गेलेले, टाचेपाशी लालबुंद चट्टे, एका जागी तर कातडं निघालेलं. दादाचा चेहरा तर पांढरा फटक.

त्यानं तिथल्या तिथं प्रेरणाले फोन लावला, ते तोंड दिसते तो. एका हातानं फोन धरला, माह्या हातानं सशाचे पाय दाखवले. पोरगी पाह्यताच ओरडली. "बाबा! तुमाले त्याले जपता येत नसीन तर तसं सांगा. मी भादव्यात महालक्ष्म्याले येऊन राह्यली. तवापर्यंत पाय बरे नाई झाले, तर मी त्याले पुण्याले घेऊन जाईन. घर बदलावं लागलं तरी चालीन."

फोन ठेवला. दादा भिंतीले पाठ लावून बसला. म्हणे, "नले, हा गेला त मी घरात कोणाशी बोलू वं?" मी म्हटलं, "माह्याशी बोल." म्हणे, "तू आयकत नाई."

खरंच आहे म्हणा.

मंग सुरू झाले दादाचे इलाज. पह्यले लहान लेकराचे मोजे आणले. हवालदारानं एक मोजा खाल्ला आन् दुसरा लपवला. तो अजून सापडला नाई. मंग दादाले आठवलं की आपल्या आईनं प्रत्येक जखमेवर हळद लावली, आन् आपण सारे जगलो. खोबरेल तेलात घट्ट हळद कालवली आन् सशाच्या तळपायाले चोपडली. दाबून दाबून. तो श्रावणातल्या गुरुवारचा दिवस होता.

शुक्रवारी सकाळी धुरपताबाई सामनेच्या घरातून धावत आली. ही बाई देवाधर्माची भारी, पण दम कमी, म्हणून आधी नुसताच हात हालवला. मंग म्हणे, "प्रभाकरभाऊ! दुकानात पाह्यलं का? पावलं! लक्ष्मीची पावलं!"

आमी गेलो. खोटं नाई सांगत, माह्याही अंगावर काटा आला. घराच्या दारातून दुकानात पिवळी पिवळी, बारकी बारकी, लांबट पावलं जोडीनं गेलेली. पांढऱ्या लठ्ठ्याच्या तागावरून, टॉवेलच्या ढिगाऱ्यावरून, सीधी गादीपर्यंत. आन् तिथं संपलेली. श्रावणातला शुक्रवार, हळदीची पावलं, दुकानाची गादी! अजून काय पाहिजे माणसाले? घडीभरात गल्लीतल्या साऱ्या बाया जमल्या. कोणी कुकू वाह्यलं, कोणी खणानारळानं ओटी भरली. कवडू पानवाला नारळ फोडाले आला आन् दुकानात बूट घालून घुसला म्हणून बायांनी त्याले हाकलला. खुद्द दादा, ज्याच्या हाताची हळद अजून सुटली नोती, तो डोळे मिटून हात जोडून उभा! माणूस एकदा भक्तीत शिरला की त्याले सोताचे पिवळे बोटं दिसत नाईत.

धुरपताबाईनं आरती सुरू केली आन् गादीवरच्या उशीमांगून कडकड आवाज आला. उशी सरकली. हवालदार बाहेर आला, तोंडात धुरपताबाईनंच वाह्यलेला झेंडूचा हार. साऱ्या बायांकडं पाह्यत पाह्यत त्यानं तो सावकाश खाल्ला.

मी हासली ते हासली, बसूनच गेली. धुरपताबाई म्हणे, "माहा नारळ वापस द्या." दादाले वाटलं जमीन फाटावी. तागावर तेलाचे डाग, गादीच्या चादरीवर हळद, आन् गल्लीत नाव निघालं. कोणाले वाटलं आता तो सशाले दुकानाबाहेर फेकते. मलेही वाटलं.

पण दादा सशाकडं नुसताच पाह्यत राह्यला. हार खाऊन झाल्यावर हवालदार गादीवर मांगचे दोन्ही पाय लांब ताणून आडवा झाला. टाईलवर तो कधी असा पसरला नोता. दादा म्हणे, "नले, याले इथं दुखून नाई राह्यलं."

मंग एकदाचं जनावराच्या दवाखान्यात नेलं, जे पह्यल्याच रोजी न्याले पाहिजे होतं. तिथल्या डॉक्टर मंजुषाताई, नवीनच आलेल्या. बाहेर म्हशी उभ्या, आन् दादा सशाले शालीत गुंडाळून रांगेत. बाईनं पाय पाह्यले आन् इचारलं, "याले हळद कोणी लावली?" दादा माह्याकडं पाहू लागला! मी म्हटलं, "माह्याकडं काऊन पाह्यतो बे?"

बाईनं नीट समजावलं. कुत्र्या-मांजराच्या तळपायाले मऊ गाद्या असतात, सशाले नसतात. त्याले तिथं नुसते केस. कडक, घसरती, ओली फरशी असली, अंग जड झालं, नखं वाढली, की सारा भार टाचेवर येते, केस झिजतात आन् जखम होते. हाडापर्यंत गेली त मोठी पंचाईत. याची अजून वरवरची आहे. तेल, हळद बंद. उरलेले केस कापाचे नाईत. मिठाच्या कोमट पाण्यानं जखम पुसाची, कोरडी कराची, दिलेलं मलम पातळ लावाचं, दुखण्याचं औषध मापानं पाजाचं. सूज आली, पू दिसला, खाणं सोडलं, त उशीर न करता आणाचं. नखं त्यांनीच कापून देल्ली. आन् पोहे, गूळ, बिस्कीट बंद. वाळलेलं गवत भरपूर आन् थोडा हिरवा पाला.

"आन् बसाले?" दादानं इचारलं.

"मऊ आन् कोरडं. जिथं तो खुशीनं बसते ते."

झालं! त्याच दुपारी दादानं गादी उचलली आन् घरात सशासाठी अंथरून देल्ली. मी तोंडाले हात लावला. जिच्यावरून जावई उठवला तिच्यावर ससा बसला! माहा नवरा हे आयकून घरी बोलेच ना. मी दादाले म्हटलं, "अरे, दुसरी गादी भर ना त्याच्यासाठी." त त्यानं गोधडी टाकून पाह्यली, हवालदारानं कुरतडली. सतरंजी टाकली, तेही कुरतडली. गादीले मात्र दात लावला नाई, हुशार आहे मेला. मंग मी म्हटलं, "त सोतासाठी दुसरी आण." तवा भडकला. "दुकानाले एकच गादी असते! दोन गाद्या म्हणजे दोन मालक. धंद्याची रीत आहे ते. नवा कापूस निघीन तवा पाहू." आन् जाऊन उघड्या लाकडी पाटावर मांडी घालून बसला.

रीत म्हणे! रीत सशाले नोती का लागू?

पण करणं मात्र मानलं त्याचं. फिनाईलची बाटली माह्या घरी पाठवून देल्ली. साऱ्या टाईलवर जाड सतरंज्या आल्या, कुरतडल्या त कुरतडल्या. एका टोपल्यात वाळलं गवत टाकून हवालदाराले तिथंच मुताची सवय लावली, ते रोज बदले. गादीची चादर रोज नवी, वाळलेली, हात फिरवून पाह्यलेली. गिऱ्हाईक आलं तरी म्हणे, "थांबा, औषधाची वेळ झाली." एका नवरीचा बाप शालू पाह्यत ताटकळला. आन् रोज संध्याकाळी प्रेरणाले फोन. दादा फोन धरे, मी सशाले धरी, ती पाय पाहे. हळूहळू चट्टे फिके पडले, कातडं आलं, मंग बारीक बारीक केस फुटाले लागले. हवालदाराचं पोटही उतरलं. पुन्हा गस्त सुरू झाली.

महालक्ष्म्या बसाच्या रोजी प्रेरणा सकाळच्या यष्टीनं उतरली. मी माहेरी आंबिलीचं पीठ कालवत होती. पोरीनं बॅग टाकली, चपला काढल्या आन् ना बापाले राम राम ना आत्याले, सीधी गादीपाशी. हवालदाराले मांडीत घेतला, एक पाय पाह्यला, दुसरा पाह्यला, बोट फिरवलं. दादा दुकानाच्या दारात उभा. निकालाच्या दिवशी पोट्टे उभे राह्यतात तसा.

"बाबा, एकदम मस्त," ती म्हणे. "मले वाटलं नोतं. इथंच राहू द्या त्याले."

दादानं मान हालवली आन् आनंदात तिच्यापाशी बसाले म्हणून खाली टेकाले गेला, तर तोंडातून "आई गं" निघालं. धोतर सरकलं. पोरगी पाह्यतच राह्यली. मीही पाह्यलं, आन् माह्या हातातलं पीठ हातातच राह्यलं. दोन्ही घोट्यांवर काळे घट्टे, एकावरचं सालपट निघालेलं, भवताल लाल. महिनाभर उघड्या लाकडावर मांडी घालून बसला होता तो भैताड, आन् कोणाले बोलला नाई. मी रोज तिथंच, पण माहे डोळे सशाकडं.

"हे काय बाबा?"

"काई नाई. थोडं टोचते."

प्रेरणानं हवालदाराले बाजूले ठेवलं आन् बापाचा पाय ओढून मांडीवर घेतला. तो ओढून घेऊ लागला, "अवं, लेकीनं बापाच्या पायाले हात लावू नाई," तरी तिनं सोडला नाई. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणे, "मी रोज फोन करत होती. रोज पाय पाह्यत होती. आन् तुमी रोज फोनच्या मांगं."

मले रडू फुटलं. पण दादाची सवय, उलट बोलाची. म्हणे, "मंग काय आता मले पुण्याले नेशीन का?"

"नाई. पण मी गेल्यावर फोन केला की आधी तुमचे पाय दाखवजा. त्याचे मंग."

"आन् नाई दाखवले तर?"

"तर आत्या दाखवीन."

दादानं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "हाओ, उलटा करून दाखवीन." तो "हं" म्हणाला आन् प्रेरणा मिठाचं कोमट पाणी आणाले उठली तवा पाय जागचा हालवला नाई.