सरळ उभी ज्योत

गुनवोरचा संशय मेणबत्तीपासून सुरू व्हायचा.

गोटेबोर्गच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत तिचं छोटं रेस्टॉरंट. साथीच्या हिवाळ्यात तिने सगळी टेबलं बाहेर काढून मांडव घातला. खुर्च्यांवर मेंढीची कातडी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, डोक्यावर हीटर. मांडवाच्या दोन कनाती कायम वर गुंडाळलेल्या. आणि प्रत्येक टेबलावर काचेविना एक मेणबत्ती. गिऱ्हाइकांना वाटायचं, शोभेसाठी असेल. गुनवोर मात्र टेबलांमधून फिरताना माणसांकडे नंतर बघायची, ज्योतीकडे आधी. ज्योत थरथरत असली तर पुढे. सरळ उभी दिसली की पाय जागच्या जागी.

"कनात कुणी सोडली?"

"अगं, वारा बघ की!" जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवरून निवृत्त झालेला एंगस्ट्रम ब्लँकेटातून नाक काढायचा. "समुद्रावर इतका कधी गारठलो नाही मी."

"मग समुद्रावर जाऊन जेव. माझ्याकडे शिळी हवा चालणार नाही."

दोन पावलं जाऊन ती परत वळायची. "आणि नाक का पुसतोयस?"

"थंडीनं!"

"सगळे हेच सांगतात."

मी तिच्याकडे वाढायचं काम करायचे. माझीही रोज झडती.

"तुवा, काल कुणाबरोबर होतीस?"

"आईबरोबर."

"आणि आई कुणाबरोबर होती?"

हा सगळा जाच एका माणसासाठी होता. गुनवोरची थोरली बहीण सीव. फुप्फुसं अधू, साथीनं गाठलं तर हिचं काही खरं नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. पण गुरुवारचं पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि त्यावर फेसलेली मोहरी सोडायला ती तयार नव्हती.

"घरात कोंडून घेऊन वाचण्यापेक्षा तुझ्या मांडवात गारठून मरेन," ती म्हणायची.

म्हणून कोपऱ्यातलं, दोन्हीकडून उघडं टेबल तिचं. गुनवोर लांब, खांबापाशी उभी राहायची आणि दोघी आठवड्याचं भांडण ओरडून उरकायच्या.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी गुनवोर स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभी राहून नेहमीसारखी सुपाची चव बघत होती. चमचा खाली ठेवला.

"बर्टिल, मरवा घातला नाहीस."

"घातलाय की!" आतून आचाऱ्याचा आवाज.

"थापा नकोत. पाण्यासारखं लागतंय. मांस तरी कुठलं आणलंस? वासच नाही."

"अख्ख्या गल्लीत वास सुटलाय, बाई!"

तिने मोहरीची बरणी उघडली आणि चमचाभर सरळ तोंडात टाकली. आता डोळ्यांतून पाणी येणार म्हणून मी रुमाल पुढे केला. ती शांतपणे चघळत राहिली.

"मोहरीवालाही लबाड निघाला."

बर्टिलने दुसऱ्या बरणीतली बोटावर घेऊन चाटली. ठसका लागला, डोळे लाल झाले, नाक धरून तो भिंतीला टेकला.

गुनवोर हातातल्या वाडग्याकडे बघत होती. मग दोन पावलं मागे सरली. आणखी दोन.

"सीव आली?"

"आत्ताच बसली."

"मी गेले का तिच्याजवळ?"

"नाही गेलीस."

"नक्की? पुन्हा आठव. जा, आधी तिची ज्योत बघून ये."

मी धावले. ज्योत वाऱ्याने आडवी झाली होती. "हलतेय!" मी तिथूनच ओरडले.

गुनवोर तोवर रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली होती.

"सगळे घरी जा! आज सूप नाही!"

"का गं?" सीव ओरडली. "कुणाला लागण झालीय? त्या एंगस्ट्रमला?"

"मी थंडीनं पुसतोय, कितीदा सांगू!"

"त्याला नाही," गुनवोर म्हणाली. "मला."

सीवने चमचा खाली ठेवला.

तपासणीत गुनवोरचा संशय खरा निघाला. रेस्टॉरंट बंद झालं. ती वरच्या मजल्यावर, आपल्या खोलीत. रात्री ताप आणि दिवसा फोन: "सीवला खोकला आहे का? तू स्वतः ऐकलंस, की तिनं सांगितलं?" सीवला काहीही झालं नव्हतं. बर्टिल आणि मीही बचावलो. पण फोनवर सांगितलेलं खरं मानलं, तर ती गुनवोर कसली!

पुढच्या गुरुवारी सीव घरून थर्मास घेऊन आली. रिकाम्या मांडवात आपल्या कोपऱ्यात बसली, खिशातून मेणबत्ती काढली, पेटवली. वर खिडकी उघडली.

"खोकून दाखव!"

"खोकला नाहीये, काय दाखवू?"

"ज्योत हलतेय का?"

बंदरावरून वारा आला. सीवने खाली बघितलं.

"विझली."

"खरं सांगतेस?"

सीवने काळी वात वर धरून दाखवली. गुनवोर बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "आता खा."