लाल चिठ्ठीचा मान

पुंजाराम आबाला सगळं जमायचं, फक्त ‘मला माहीत न्हाई’ एवढं म्हणणं जमत नव्हतं. टेंभुर्णीच्या शिवारात पहिल्यांदा विजेचे खांब उभे राहिले, तेव्हा तारेतून वीज कशी चालते ते यानंच गावाला समजावून सांगितलं. “तार आतून पोकळ असती. पाटाच्या पाण्यावानी वीज वाहती तिच्यातून. म्हणून तर उन्हाळ्यात कमी येती.” हे ऐकून नव्या वायरमननं तारेच्या तुकड्याला एक डोळा लावून बघितलं होतं म्हणतात. खरंखोटं तो वायरमन जाणे.

बरं, माणूस नुसता बाताड्या म्हणावा तर तसंही नव्हतं. चैत्रातल्या जत्रेला गावात कुस्त्यांचा फड भरायचा आणि त्या फडात जोड लावायचं काम पुंजाराम आबाचं. कोणता गडी कोणाच्या अंगावर सोडायचा ते ठरवणं म्हणजे जोड लावणं. पोरगं लंगोट कसून समोर आलं की आबा त्याची मान बघायचा, पोटऱ्या बघायचा, मनगट चिमटीत धरायचा आणि गर्दीतून बराबर त्याच्या तोलाचा दुसरा ओढून काढायचा. दोघांचे हात वर धरून आबानं आरोळी दिली की हलगीसुद्धा थांबायची. एखादी जोड बेतोल निघाली तर चालू कुस्तीत घुसून तो ती सोडवायचा. पुढच्या खुर्चीवर फौजदार बसलेला असो नाहीतर आमदार, फडात आबापुढं कोणी हूं का चूं करत नव्हतं. वर्षातून तो एक दिवस आबा राजा असायचा. उरलेले दिवस तो त्याच दिवसाच्या गोष्टी सांगत काढायचा.

अठ्ठ्याण्णव साली मास्तरच्या घरी रंगीत टीव्ही आला आणि त्यावर फुटबॉलचा वर्ल्ड कप लागला. मास्तरच्या वसरीत अर्धं गाव बसायचं. त्यात आबाची नात बेबीनंदा सगळ्यात पुढं, नऊ वर्षांची, गुडघे छातीशी धरून. महिनाभरात तिला सगळं पाठ झालं. कोण कुठं उभा राहतो, कधी शिट्टी वाजते, पंच कोणती रंगीत चिठ्ठी कशासाठी दाखवतो. मॅच संपली की ती कपड्याच्या चिंध्यांचा बोळा करून गोठ्यात लाथा हाणायची. एकदा तो बोळा म्हशीच्या आंबोणात पडला आणि म्हशीनं अर्धा खाल्ला.

“आबा, खरीखुरी मॅच बघायची मला. टीव्हीतली न्हाई.”

“हात्तिच्या! म्या तर जालन्याच्या मैदानावर फुटबॉलचा पंच व्हतो. साठ साली.”

हे तो भुजंगच्या हॉटेलात बसून म्हणाला, तिथंच घोटाळा झाला. भुजंगचं हॉटेल म्हणजे स्टँडवरचं चहा-भज्याचं टपरं. भुजंगचा मेहुणा रामकिसन दोन वर्षांपासून जोड लावायच्या कामावर डोळा ठेवून होता. भुजंगनं किटली खाली ठेवली. आबाला तो बापू म्हणायचा.

“बापू, आतापस्तोर आमी सगळं ऐकून घेतलं. विजेचं ऐकलं, विमानाचं ऐकलं. पण हे चाललं जरा जास्तच.”

“जास्त काहून? व्हतो म्हंजी व्हतो.”

“मंग दिवाळीनंतर जालन्यात फुटबॉलचे सामने हायेत, पेपरात आलंय. आपण जाऊ. म्या येतो, ही पोरगी येती, तिला सगळे नियम पाठ हायेत. तुमी खरे पंच निघाले तर मरेपस्तोर जोड तुमीच लावायची. न्हाई तर येत्या चैत्रातल्या फडात रामकिसन उभा राहीन. हाय कबूल?”

सगळं हॉटेल बघून राह्यलं होतं. आबा काय न्हाई म्हणतो? “कबूल!” म्हणाला आणि घोटभर चहा त्याच्या नाकात गेला.

खरं काय होतं ते फक्त त्याच्या बायकोला, द्वारकाबाईला माहीत. साठ साली आबा जालन्याच्या एका जिनिंगात कापूस ओढायला होता. तेव्हा एका सकाळी कोणीतरी त्याला मैदानावर नेलं, घमेल्यात चुन्याची फक्की दिली आणि आखलेल्या दोरीवरून पांढरी रेघ मारायला लावली. सामना दुसऱ्या दिवशी होता. दुसऱ्या दिवशी आबा जिनिंगात गासड्या वाहत होता. फुटबॉलशी त्याचा संबंध एवढाच.

“आवं, तवा मैदानाला चुना लावला, आता गावाला लावा,” द्वारकाबाई म्हणाली आणि दशम्या बांधायला लागली.

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी तिघं जालन्याच्या एसटीत बसली. भुजंगनं मुद्दाम मधली जागा धरली.  वाटेतलं राजूर सुटलं आणि त्यानं सुरुवात केली.

“बापू, एका बाजूला किती गडी असत्यात?”

आबानं खिडकीबाहेर बघितलं. “त्ये मैदान केवढं हाय त्याच्यावर असतंय.”

“अकरा,” बेबी म्हणाली.

“आता अकरा,” आबा झटकन म्हणाला. “आमच्या टायमाला तसं नव्हतं.”

“आन् किती वेळ चालतंय?”

“निकाल लागस्तोर.”

“नव्वद मिनिटं,” बेबी म्हणाली.

“आता नव्वद. आमच्या टायमाला घड्याळं कुठं व्हती इतकी?”

भुजंग मिशीत हसला. बेबीनं मान तिरकी करून आजोबाकडं बघितलं. मास्तरनं पाढा चुकलेल्या पोराकडं बघावं तसं. आबानं नजर चुकवली आणि कंडक्टरला विनाकारण विचारलं, “जालना कधी येईन हो?”

मैदानावर ही गर्दी! कोणी भिंतीवर, कोणी लिंबाच्या झाडावर, कोणी सायकलच्या कॅरिअरवर उभं. बेबीला आबानं खांद्यावर घेतलं. मघाचं सगळं ती विसरली. टीव्हीत पोरं बोटाएवढी दिसायची, इथं त्यांच्या नडग्यांवर पाय बसल्याचा आवाज येत होता. बॉलला लाथ बसली की तिचे दोन्ही पाय आबाच्या छातीवर बसायचे. पहिल्या पंधरा मिनिटांत आबाच्या बरगड्यांनी वर्ल्ड कप भोगला.

पिवळे जालन्याचे, निळे औरंगाबादचे. पिवळ्यांत एक बारकं, काटकुळं पोरगं होतं. पाय असे चालायचे की बॉल दोरीनं बांधल्यासारखा त्याच्यामागं. पण त्याच्यापुढं निळ्यांचा एक दांडगा गडी उभा केलेला. मान खांद्यात गेलेली, मांड्या उखळाएवढ्या. बारकं पोरगं बॉल घेऊन आलं की हा नुसता आडवा व्हायचा आणि पोरगं मातीत. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा पोरगं कोलांटी खाऊन पडलं.

आबा टाचा उंचावून बघायला लागला. इतका वेळ त्याला मैदानात काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. वीस-बावीस माणसं एका बॉलमागं काहून पळतात, तो जवळ आला की परत लांब काहून मारतात. पण हे मात्र त्याला बराबर कळलं. चाळीस वर्षं त्यानं हेच बघितलं होतं.

“जोड चुकली,” तो पुटपुटला.

“काय झालं, बापू?” भुजंग.

“कोणी लावली ही जोड? त्या पोराची मान बघ, याची मान बघ! पंधरा किलोचा फरक हाय. पाप हाय हे, पाप!”

“आबा, इथं जोड नसती,” बेबी वरून म्हणाली. “इथं सगळे...”

पण आबानं तिला खाली उतरवून भुजंगच्या हाती दिलं होतं. धोतराचा सोगा खोचला, उजवा हात वर केला आणि चाळीस वर्षांची सवय त्याला घेऊन सरळ मैदानात शिरली. बॉल पार दुसऱ्या टोकाला होता. सगळ्यांचे डोळे तिकडं. आबा शांतपणे चालत गेला, काटकुळ्या पोराचं मनगट एका हातात धरलं, दांडग्याचं दुसऱ्या हातात, दोघांचे हात वर केले आणि मैदान दणाणून सोडलं.

“मंडळी! ही जोड बराबर न्हाई! याच्या तोलाचा दुसरा आणा! ह्यो गडी ह्याला चालायचा न्हाई!”

 मग जे हसू फुटलं, ते लिंबावरच्या कावळ्यांनी ऐकलं आणि झाड सोडलं. दांडगा गडी भांबावून हात सोडवायला बघत होता, पण आबाची पकड. बारकं पोरगं म्हणालं, “चाचा, छोडो ना, मॅच चालू है.” शिट्ट्या फुंकत काळ्या कपड्यांतला पंच पळत आला.

“ओ बाबा! कोण तुम्ही? भाईर व्हा!”

“तू पंच हायेस ना? मंग तुला दिसत न्हाई का?” आबा त्याच्यावरच उखडला. “लेकराला मारतो काय त्यो? फड कसा चालवायचा ते शिकून घे माझ्याकडून!”

लोक टाळ्या पिटत होते. पंचाला राग यावा की हसू यावं ते कळेना. शेवटी त्यानं खिशात हात घातला, लाल चिठ्ठी काढली आणि हात ताठ करून आबाच्या डोक्यावर धरली. तशा टाळ्या दुप्पट झाल्या. शिट्ट्या, आरोळ्या, कोणी टोप्या उडवल्या. आबानं चिठ्ठीकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, आणि एवढा मान बघून दोन्ही हात जोडून चारी दिशांना नमस्कार केला. मग पंचानं दाखवलेल्या वाटेनं रुबाबात बाहेर आला.

बाहेर आला तेव्हा बेबीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं होतं. तिचे डोळे बघून आबानं ओळखलं. काहीतरी भलतंच झालं होतं, पण काय, ते विचारायची सोय नव्हती. शेजारी भुजंग उभा होता.

“बेबे,” भुजंग वाकून म्हणाला, “ती लाल चिठ्ठी कायची? टीव्हीवर बघितली असशीन ना तू? खरं सांग. आजोबा हाय म्हणून झाकू नको.”

 चैत्रातला फड, हलगी, मनगटं, सगळं आता या नऊ वर्षांच्या पोरीच्या जिभेवर होतं.

बेबीनं तोंडावरचे हात काढले. एकदा आबाकडं बघितलं. मग भुजंगकडं.

“लाल चिठ्ठी व्हय? ती जुन्या पंचाला दाखवत्यात, भुजंगतात्या. मान असतो त्यो.”

“मान? मंग भाईर काहून काढलं?”

“आपल्या फडात दोन जोड लावणारे उभे राहात्यात का?”

भुजंग विचारात पडला. नव्हते राहत. त्याचाच तर सगळा वाद होता.

“आन् पिवळी बी चिठ्ठी असती म्हणत्यात, ती?”

“ती साध्या लोकाला.”

तेवढ्यात अर्धी मॅच संपली. पाच-दहा मिनिटांनी गडी परत आले, तर निळ्यांतला दांडगा नव्हता! त्याचा घोटा दुखावला होता, तो खुर्चीवर बसून बर्फ लावून राह्यला होता. त्याच्या जागी दुसरा आला, अंगानं बेताचा, बराबर त्या काटकुळ्या पोराच्या तोलाचा.

“आँ! बदलला की गडी!” भुजंग ओरडला. “बापू, तुमचं ऐकलं त्यांनी!”

“ऐकतीन न्हाई तं काय?” आबा म्हणाला. आणि गंमत अशी की हे त्याला शंभर टक्के खरं वाटत होतं. थोड्या वेळानं काटकुळ्यानं त्या नव्या गड्याला डावीकडं हुलकावणी देऊन गोल केला, तेव्हा भुजंगनं पहिली मिठी आबाला मारली.

परतीच्या गाडीला भुजंग रुमाल टाकून जागा धरायला खिडकीशी झुंबडीत शिरला. आजोबा-नात बाजूला राहिले.

“आबा, लाल चिठ्ठी म्हंजी हाकलून देणं.”

आबानं पागोटं काढून परत बांधलं. “मला म्हाईत हाय.”

“न्हाई म्हाईत.”

आबा पागोट्याचा सोगा खोचत राहिला.

“पुढच्या रविवारी फायनल हाय,” बेबी म्हणाली. “आन् मला खरा बॉल पायजे. चिंध्याचा न्हाई. आन् तुमच्या तालमीपुढच्या मोकळ्या जागेत खेळू द्यायचं, पोरांसंगं.”

“आन् न्हाई दिलं तं?”

बेबीनं झुंबडीकडं बघितलं. “भुजंगतात्याऽऽ!” तिनं हाक मारायला सुरुवात केली आणि आबानं घाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

गाडीत भुजंग घोरायला लागला. आबानं दोनदा त्याच्या नाकापुढं हात धरून खात्री केली, मग नातीच्या कानाशी वाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपल्याला न कळलेलं कोणाला विचारलं.

“बेबे, त्यो एक जाळीपुढं उभा व्हता, त्याला हातानं काहून धरू देत्यात? बाकीच्याला तं न्हाई.”

बेबीनं जराही पापणी न लववता सांगितलं, “त्याच्या पायाला मार लागेल व्हता म्हणून. ज्याचा पाय दुखतो त्याला जाळीपुढं उभं करत्यात. हाताची सूट देत्यात.”

“हां,” आबा म्हणाला. “बराबर हाय.”

दुसऱ्या दिवशी हॉटेलात जत्रेएवढी गर्दी होती. आबाला सांगायचं कामच पडलं नाही. लाल चिठ्ठीचा मान भुजंगच हात वर करून करून सांगत होता आणि रामकिसन कोपऱ्यात बिडी विझवून पेटवत होता. गोष्ट संपल्यावर मास्तरच्या धाकट्या पोरानं विचारलं, “आबा, त्यो गोलकीपर हातानं काहून धरतो हो?”

आबानं बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या. “त्याचं कारण असं हाय, की त्याचा पाय दुखेल असतो. हाताची सूट हाय त्याला. सरकारी नियम हाय.”

मास्तरचं पोरगं गोंधळून बेबीकडं वळलं. बेबी बाकड्यावर बसून भजं खात होती.

“हाव,” ती म्हणाली. “आन् ज्याचे दोनी पाय दुखत्यात, त्याला पंच करत्यात.”

आबानं जोरजोरात मान हलवली.