दादूस आणि लाल बटणाचा डबा

वाईट कोड वाचताना दादूस खरोखर नाक दाबायचा. स्क्रीनपासून खुर्ची मागे सारायचा आणि विचारायचा, "शी, कोनी केली ही घान?" बऱ्याचदा ती घाण मीच केलेली असायची.

काशीमीऱ्याला एका गॅरेजच्या वर आमचं ऑफिस होतं. मासेमारीच्या बोटींवर बसवायचा एक डबा आम्ही बनवत होतो. बोट कुठे आहे ते त्याने दर तासाला किनाऱ्याला कळवायचं, आणि संकटात कुणी लाल बटण दाबलं तर तत्काळ हाक पोचवायची. डब्याच्या पोटात कर्नेल असतो, सगळ्या भागांना राबवणारा मुकादमच म्हणा. कुठला भाग केव्हा झोपवायचा आणि केव्हा उठवायचा हे त्या मुकादमाला शिकवणं दादूसचं काम. माणूस भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यातला, घरची बोट असलेला. साहेबांशीसुद्धा घरच्याच बोलीत बोलायचा, आणि साहेबही त्याला दादूसच म्हणायचे.

झोपल्याचं सोंग घेऊन करंट पिणाऱ्या चिपची त्याला भयंकर चीड. मीटर लावून तासन्‌तास बसायचा. आकडा जरा वर दिसला की "बघ, डोले मिटून जागा हाय मेला," म्हणत तो भाग शोधून काढायचाच. एकदा मी म्हणालो, "चालतंय की दादूस, सोड ना." दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

पण झोपवण्यापेक्षा त्याचा जीव उठवण्यात जास्त. "निजतो कोनीबी. हाक मारल्याव उठला पायजे." डबा झोपवायचा, बटण दाबायचं, डबा उठला की पुन्हा झोपवायचा. जेवणाच्या सुट्टीतही उजव्या हातात पोळी आणि डाव्या हाताने हेच चाललेलं.

मग गिऱ्हाइकाने दहा दिवस टिकणारी बॅटरी मागितली. आमची आठ दिवस टिकायची. साहेबांनी तोडगा काढला, की झोपेत बटणाकडे लक्ष ठेवणारा भागही बंद करून टाका.

"डबा दर तासाला उठतोच ना यार, तेव्हा बघेल बटण."

दादूसने चष्मा काढला. "साहेब, बुडनारा मानूस तासभर थांबंल काय?"

"बटण चालतंय की. उशिरा चालतंय, एवढंच."

हे वाक्य बोलून साहेबांनी शांतपणे वेफर्सची पुडी फोडली. तपासणीच्या कागदावर 'बटण : पास' लिहून सही करायला दादूसने साफ नकार दिला, स्वतःचा मीटर पिशवीत टाकला आणि जिना उतरला. तो कागद माझ्यासमोर आला. मी सही केली. कारणं सांगत बसत नाही, ती सगळ्यांकडेच असतात. बटणाकडचं लक्ष बंद करायला कोडमधली एक ओळही मीच बदलली. अजून आठवली की तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

सहाएक महिन्यांनी डबे बघायला मी धक्क्यावर गेलो. एका म्हाताऱ्या नाखव्याने आमच्या डब्यावर आपली टोपी वाळत घातली होती.

"दादूस येऊन गेला," तो म्हणाला. "नोकरी सोडल्याव एकेक बोटीव जाऊन बोलला, या बटनाव जीव टाकू नका, वायरलेस चालू ठेवा. मेल्यांनी कागदाव मातर पास लिवलाय. कोन हाय तो सही करनारा, तुमाला ठाव हाय?"

"नाही," मी म्हणालो. "मी नवीन आहे."

नाखव्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि आतून सुक्या बोंबलांची पिशवी आणून माझ्या हातात दिली. "न्या घरी. दादूसच्या हापिसातले तुमी, म्हंजे आमचेच."

नको म्हणायला हवं होतं. मी पिशवी घेतली, थँक्यू म्हणालो. बायकोने त्याच संध्याकाळी ते छान खरपूस भाजले, आणि मी चार खाल्ले.