खुशालरावांची बोट

मोर्शीचे खुशालराव फुलशेती सांभाळून शर्यतीच्या जुन्या वेगवान बोटींच्या छोट्या, हुबेहूब प्रतिकृती बनवत आणि रिमोटवर पळवत. काचबिंदूने नजर जात चालली होती, पण बोटी सुटतील म्हणून त्यांनी ते घरच्यांपासून लपवलं होतं.

अमरावतीच्या तलावावर शर्यतीआधी त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी नेहमीसारखा बोटीला शेवंतीचा हार घातला. पूजेनंतर खुशालरावांनी तो काढला. बोट पाण्याला जेमतेम टेकत सुटली आणि दुसऱ्याच फेरीत थांबली. काठावर आणली, तर बोटीखालच्या पंख्याला हाराचा तुटून राहिलेला दोरा गुंडाळलेला.

"एवढा पांढरा दोरा तुमाले दिसला नाही?" लीलाबाईंनी विचारलं.

"नाही. तू बी आता अर्धीच दिसून राहिली मले."

लीलाबाईंनी बोट काखेत घेतली आणि नवऱ्याचा हात धरून त्यांना पायऱ्या चढवल्या.