शेरा क्रमांक एकशे बारा

एदेल्मिरा व्हेरगारा आंतोफागास्ता शहरातल्या एका सल्लागार कंपनीत एकवीस वर्षं पाइपांचे नकाशे काढत होती. तांब्याच्या कारखान्यांचे. नकाशे तीनदा तपासले जात: काम तीस टक्के झालं की, साठ टक्के झालं की आणि नव्वद टक्के झालं की. सगळे टेबलाभोवती बसून शेरे लिहीत, आणि प्रत्येक शेऱ्यापुढे ‘बंद’ असं सहीनिशी पडल्याशिवाय काम पुढे सरकत नसे.

तिचा एकशे बारावा शेरा साधा होता. अंगावर अ‍ॅसिड उडालं तर ज्या शॉवरखाली धावायचं, तो अ‍ॅसिडच्या पंपाच्या पलीकडे होता. पंप गळला तर माणसाला त्या धारेतूनच जावं लागणार.

“एदेल्मिराबाई, आत्ता कुठं तीस टक्के झालंय,” प्रकल्पप्रमुख बाल्दोमेरो म्हणाला. “शॉवरचं काय घेऊन बसलात? साठला बघू.”

साठला पाण्याची लाइन दुसऱ्या ठेकेदाराकडे होती, म्हणून शेरा पुन्हा पुढे ढकलला गेला. नव्वदपर्यंत तिकडे खाणीवर बांधकाम सुरूही झालं होतं.

“आता पाया ओतून झालाय. शॉवर हलवायचा तर भिंत फोडावी लागेल. येताय का घण घेऊन?” बाल्दोमेरो म्हणाला.

सगळे हसले. तीही हसली. दोन दिवस तिनं सही अडवून धरली. तिसऱ्या दिवशी खरेदीवाले, वीजवाले, सगळेच तिच्या टेबलाशी येऊन विचारू लागले, “बाई, तुमच्या एका सहीपायी किती अडवणार आम्हाला?” तिनं ‘बंद’ लिहिलं आणि सही केली.

कारखाना सुरू होऊन आठ महिने झाले आणि पंपाचा जोड फुटला. विल्फ्रेदो कायो नावाचा चौतीस वर्षांचा कामगार तिथं उभा होता. कुणीही पळेल तसा तो धारेपासून लांब पळाला, थेट ऑफिसच्या नळापर्यंत. तोवर दोन्ही डोळे गेले होते.

चौकशीत बाल्दोमेरो खोटं बोलला नाही. “शेरा बंद झालाय. सही बाईंची आहे.”

“सही माझीच,” ती म्हणाली. “पण तिन्ही बैठकांचे कागद मागवा.”

कागद आले. तिन्ही बैठकांत तिनं शेरा मांडल्याचं त्यांत होतं. बाल्दोमेरोची सान्तियागोला बदली झाली, वरच्या जागेवर. पुढच्या तपासणीला एदेल्मिराला कुणी बोलावलंच नाही. महिन्याभरात तिनं राजीनामा दिला. शॉवर अलीकडे आणायला गवंड्यांना तीन दिवस लागले.

मग ती बसनं कालामा गावात, कायोच्या घरी गेली. त्याच्या बायकोनं चहा, पाव आणि अ‍ॅव्होकॅडो पुढं ठेवलं. कुणी हात लावला नाही.

“तुम्हाला माहीत होतं?” कायोनं विचारलं.

“हो.”

“मग सही का केलीत?”

“सगळे माझ्यासाठी खोळंबले होते.”

“तो शॉवर नेमका होता कुठं? मला आठवतच नाही.”

तिनं त्याचं बोट धरून टेबलावर फिरवलं. हा पंप. इथं तुम्ही. हा शॉवर.

“म्हणजे चार पावलं,” तो म्हणाला.

“चार.”

त्यानं हात काढून घेतला. “निघा आता तुम्ही,” तो म्हणाला, आणि बायको दार उघडायला उठली.