दादाच्या गाडीवरचं कॅरिअर

दादाने जुनी, दणकट, चारही चाकांना जोर असलेली गाडी घेतली, तेव्हा तिच्या टपावर लोखंडी कॅरिअर आधीच बसवलेलं होतं. हौस मेळघाटाची. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, थंडीत तो मित्रांबरोबर धारणीकडे जायचा आणि तेव्हा त्या कॅरिअरवर तंबू, जास्तीची स्टेपनी, डिझेलचा कॅन असं काय काय चढायचं. उरलेलं वर्षभर ते अमरावतीच्या कोर्टापर्यंत जायचं आणि रिकामंच परत यायचं. काम झालं की काढून ठेवावं, एवढी साधी गोष्ट. पण दादा पडला वकील. त्याच्याशी साधी गोष्ट बोलायची सोय नाही.

"एकदा काढलं की बोल्ट पुन्हा बसत नाई. गच्चीवर टाकलं तर गंजते."

"मंग गाडीवर ठेवून सोन्याचं होऊन राहिलं काय?" मी म्हणायचे.

मी अकोल्याला शाळेत शिकवते. दर शनिवारी एसटीने माहेरी यायचे आणि आल्या आल्या या विषयावर आमची जुंपायची. कॅरिअरमुळे डिझेल जास्त लागतं, पेट्रोल पंपाच्या छपराखाली शिरताना उगाच आपलीच मान आत जाते, आणि गाडीने वेग घेतला की वरून शीळ ऐकू येते. शिळेवर दादाने उपाय केला. पुढच्या दांडीला सुतळी गुंडाळली. शीळ थांबली आणि तिच्या जागी घूं असा खालच्या पट्टीतला आवाज सुरू झाला. मला तो शिळेपेक्षा वाईट वाटायचा.

कॅरिअर राहण्याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. आमच्या कॉलनीत कोणी वारलं की तिरडीचे बांबू दादाच्या गाडीवरून यायचे. मोटारी घरोघर आहेत, पण सगळ्या गुळगुळीत टपाच्या. ही व्यवस्था बाबांनी लावलेली. बाबा निवृत्त मास्तर. मयताच्या घरी सगळ्यांत आधी तेच पोचायचे. रडणाऱ्यांना रडू द्यायचे आणि बाकीच्यांना कामाला लावायचे. "माह्या पोराची गाडी घेऊन जा, वर कॅरिअर हाये," हे वाक्य मी लग्नाआधीही ऐकलंय आणि नंतरही. रीत अशी, की ज्याच्या घरचं मयत, त्याच्या गाडीत ते सामान येत नाही. दुसऱ्याने आणायचं. म्हणून गाडीची चावी दाराजवळच्या खिळ्याला कायम लटकलेली असे, आणि कोणीही ती न विचारता नेत असे.

मग बाबा आजारी पडले. अकोल्याच्या डॉक्टरांनी दादाला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की आता उपचार नाही, त्रास कमी करायचा एवढंच. दिवाळी धरून चालू नका. बाबांना आम्ही सांगितलं, लिव्हरला सूज आहे, पथ्य पाळा. ज्या माणसाने अख्ख्या कॉलनीचं मरण निस्तरलं, त्याला त्याचं स्वतःचं सांगायला आमची जीभ उचलेना. आई पूर्वीच गेलेली. आम्ही दोघांनी ठरवलं, काहीही होवो, बाबांना कळू द्यायचं नाही. घराबाहेरही कोणाला बोललो नाही. अमरावतीत एकाला सांगितलं की दहा जणांना कळतं.

त्या दिवशी परत येताना बाबा मागच्या सीटवर आडवे होते. मूर्तिजापूर सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला आणि डोक्यावर तो घूं आवाज सुरू झाला. बाबा डोळे उघडे ठेवून टपाकडे बघत होते.

त्यांची खाट आम्ही पुढच्या खोलीत खिडकीशी लावली. तेवढीच हवा, तेवढीच माणसांची ये-जा. खिडकीखाली गाडी उभी असायची. आणि त्या पावसाळ्यात कॉलनीत एकामागून एक माणसं गेली. आम्ही कोणाला काही सांगितलं नव्हतं, तेव्हा लोक चावी न्यायला येतच राहिले. दबक्या पावलांनी यायचे, पण खिळ्यावर चावी वाजायचीच.

"कोन गेलं?" आतून बाबा विचारायचे.

नाव सांगावं लागायचं. थोड्या वेळाने गाडी परत यायची, वर हिरवे बांबू, मागे लोंबणारी टोकं. एकदा दोरी ढिली होती तर बाबांनी खिडकीतूनच सांगितलं, "मागून दोन येढे दे, हालून राहिले ते." तो माणूस ओशाळला आणि त्याने मुकाट्याने दोन वेढे दिले. बाबा उशीवर टेकले आणि मला म्हणाले, "ओले हायेत. जड जातीन खांद्याले."

पण खरी भीती मला पुढे वाटली, जेव्हा बाबांनी विचारणं सोडलं. चावी वाजली की ते मान वळवायचे आणि गाडी परत येईपर्यंत रिकाम्या रस्त्याकडे बघत राहायचे. मी दादाला स्वयंपाकघरात गाठलं आणि वाटेल ते बोलले. डोळ्यांसमोर रोज तो सांगाडा उभा करून तू बापाला सुखाने मरू देणार आहेस का, असं म्हणाले.

पुढच्या रविवारी बाबांचा दुपारी डोळा लागला तेव्हा दादा गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेला. गंजलेले बोल्ट कापावे लागले. कॅरिअर गच्चीवर गेलं आणि गाडी पुन्हा खिडकीखाली लागली. टपावर जिथे त्याचे पाय होते तिथे मूळ रंगाचे स्वच्छ चौकोन दिसत होते. मला मोकळं मोकळं वाटलं. चहा टाकला.

बाबा जागे झाले. मी पाठीशी उशी दिली. त्यांनी बाहेर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"काढलं काय?"

"हो बाबा," दादा म्हणाला. "डिझेल लय खाऊन राहिली होती."

"डाक्टर काय म्हणे?"

मी घाईने सांगितलं की सूज उतरते आहे. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मागच्या गल्लीतल्या जीपवाल्याची माय अंथरुणाले लागली, तवा त्याच्या गाडीचं कॅरिअर मीच काढाले लावलं होतं," ते दादाला म्हणाले. "वर कॅरिअर असलं का लोक मांगतेत, आन मांगतलं का नाई म्हणता येत नाई. घरात असं माणूस असताना त्या कामाले गाडी देऊ नये. म्हातारी आतल्या खोलीत होती, तिले समजलं नाई. माही खाट त तुमी खिडकीत लावली."

चहा उतू जात होता.

"कवापर्यंत म्हणे?"

जन्मभर प्रत्येक गोष्टीवर वाद घातलेला माझा भाऊ भिंतीकडे बघत म्हणाला, "दिवाळीचं धरू नका म्हणे."

बाबांनी मान हलवली. एखाद्याच्या घरी पोचल्यावर हलवायचे तशीच. मग म्हणाले, "मंग समोरच्या फुलवाल्याचा टेम्पो सांगून ठेव. सकाळी तो मार्केटले जाते, त्याची खोटी नको व्हायले. आत्ताच जा. घरी हाये तो."

दादा हलला नाही.

"जा म्हणतो ना."

दादा चपला घालून रस्ता ओलांडून गेला. मी बाबांच्या पायाशी बसले आणि इतके दिवस मोरीत, एसटीत, शाळेत लपून रडत होते ते तिथे, त्यांच्यासमोर रडले. त्यांनी मला रडू दिलं. ते खिडकीतून फुलवाल्याच्या दाराकडे बघत होते, तो काय म्हणतो म्हणून.