मी न म्हटलेली ओळ

बाळकुमला आमची भातशेती होती. वडील आधीच वारलेले, आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली. त्यात दोन लहान पोरं मागे ठेवून वहिनी तापाने गेली. सगळं घर माझ्या अंगावर आलं. तशात कोलशेतच्या एका घरी माझं लग्न ठरलं आणि थोड्याच दिवसांत मोडलं. कारण कोणी सांगेना.

ते मला ठाण्याच्या बाजारात कळलं. मुलाची आई सुकी मासळी घेत होती. मला बघून जवळ आली.

"बाय, फेफरं अजून येतं का गं?"

"मला कधीच फेफरं आलेलं नाही."

ती चपापली. "तुझ्या सख्ख्या भावानेच येऊन सांगितलं ना!"

घरी येऊन दादाला विचारलं. तो कोयत्याला धार लावत होता. त्याने नाकारलं नाही. "तू गेलीस तर आईला कोण उठवणार? पोरांना कोण भरवणार?" एवढंच म्हणाला. मला सरळ विचारलं असतं तर मी कदाचित थांबलेही असते. पण त्याने विचारलंच नाही.

संध्याकाळी आम्ही आईच्या खाटेपाशी गुडघे टेकून प्रार्थना करायचो. आमचा अपराध करणाऱ्यांना आम्ही क्षमा करतो, ही ओळ आली आणि माझं तोंडच उघडेना. दुसऱ्या दिवशीही तेच. दादाच्या लक्षात आलं.

"देवाची प्रार्थना अर्धी सोडू नये."

"मग खोटं बोलावं का?"

आई पडल्यापडल्या म्हणाली, "राहू दे तिला गप्प. देवाला तेही ऐकू येतं."

त्यानंतर मी अंगणातल्या क्रूसापाशी एकटीच जायचे. म्हणायचे, "देवा, मला भाऊ नकोसा झालाय. त्याचं वाईट व्हावं असं वाटतं. आणि त्याचीच पोरं माझ्या कुशीत झोपतात. मी काय करू?" उत्तर कधी आलं नाही. पण बोलून झालं की चुलीपाशी हात चालायचे.

उपासाच्या, पश्चात्तापाच्या दिवसांत दादा आपणहून कोलशेतला गेला आणि खरं सांगून आला. तोवर त्या मुलाचं लग्न झालं होतं. दादा ओट्यावर बसून रडला. मी त्याला पाणी दिलं. मन विरघळलं वगैरे नव्हतं. उन्हातून चालत आला होता, म्हणून दिलं. ती ओळ पुढे मी म्हणू लागले, कधी मनापासून, कधी नुसती तोंडाने.

आई गेल्यावर कल्याणचं, रेल्वेत नोकरी असलेलं स्थळ दादानेच आणलं. लग्नानंतर सणाला तो माझ्या घरी नवे तांदूळ घेऊन यायचा. मी जेवायला वाढायचे, पोरांची चौकशी करायचे. मनातलं मात्र त्याला पुन्हा कधी सांगितलं नाही.